कोपराचं माप

ओट्यासाठी दगड निवडायला धाकटी दुकानात गेली ती सकाळची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि तिच्या मनात जगातल्या कुणाहीबद्दल चांगला विचार नव्हता. यात विशेष काही नव्हतं, रोजचंच होतं. दुकानदारानं दाखवलेला पहिला दगड तिला भिकार वाटला, दुसरा भडक वाटला. तिसरा, काळा कुळकुळीत, आत बारीक चंदेरी कण असलेला, मनापासून आवडला. तरी तो तिनं नाक मुरडतच घेतला. आवडलंय असं दाखवलं की दुकानदार डोक्यावर बसतात, अशी तिची ठाम समजूत होती.

धाकटी आता वयानं काही धाकटी राहिली नव्हती. कानशिलं पांढरी झाली होती, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं होती आणि ती माणसं तिला टरकून असत. पण घरात एक थोरली होती. नवऱ्याची मोठी बहीण, बिनलग्नाची. तिच्यामुळे लग्न होऊन आल्या दिवसापासून हिला धाकटी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरली गेल्या वर्षी गेली. नाव मात्र मागे ठेवून गेली, आणि शेजारीपाजारी अजून त्याच नावानं हाक मारतात याचा धाकटीला संताप यायचा.

थोरली होती बुटकी, कमरेत वाकलेली. कोपराला ठिगळ लावलेलं करडं स्वेटर बारा महिने तिच्या अंगावर असायचं. कमरेला ती सकाळ-संध्याकाळ बाम चोळायची आणि तिच्या हातच्या चहालासुद्धा बामचा वास येतो, असं धाकटी मैत्रिणींना सांगून हसायची. थोरलीही काही कमी नव्हती. धाकटीनं चिरलेल्या भाजीकडे ती एकदा बघायची, ओठांचा कोपरा जरासा खाली ओढायची आणि तीच भाजी पुन्हा हाती घेऊन बारीक चिरायची. तोंडानं एक अक्षर नाही. दोघी एका छपराखाली एकमेकींना तुच्छ लेखत जगल्या, आणि मधला पुरुष तोंडात मिठाची गुळणी धरून दोघींच्या हातचं जेवत राहिला.

सगळ्याचं मूळ होतं तो ओटा. तो इतका बसका होता की धाकटीच्या मांडीशी यायचा. धाकटी उंच होती आणि आपल्या उंचीचा तिला भारी तोरा होता. तिच्या माहेरची सगळीच माणसं ताडमाड. दारातून जाताना वाकायचं ते दाराच्या चुकीमुळे, असं मानणारी. त्या बसक्या ओट्याशी रोज वाकून तिची पाठ कामातून गेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं ओटा वर उचलायचा विषय काढला होता. थोरली चाकूवरची नजर न हलवता म्हणाली होती, "ओटा कशाला बदलायचा? सवयीनं माणूसच बदलतं."

विषय तिथंच संपला. नवरा अर्थातच काही बोलला नाही.

आता थोरली नव्हती, आणि धाकटीला तिच्या हातचं काहीही डोळ्यांसमोर नको होतं. करडं स्वेटर तर तिनं पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या पोत्यात कोंबलं होतं. राहिला होता ओटा. खरं सांगायचं तर तिला नवं स्वयंपाकघर असं नकोच होतं. चकचकीत कपाटं, दगड, नवी चिमणी ही सगळी चारचौघांत मिरवायची सबब. तिला फक्त एकदा, स्वतःच्या घरात, ताठ उभं राहून स्वयंपाक करायचा होता. बाईच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण ही मागणी वाजवी होती.

तिला सुतार मिळाला तो असा, की त्याला सुतार म्हणण्यापेक्षा प्राध्यापक म्हणणं बरं. आणि ती त्याच्या पाठीमागे तेच म्हणायची. हातातल्या करवतीपेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. एका घरी त्यानं कपाट असं ठोकलं होतं की फ्रिजचं दार जन्मभर निम्मंच उघडणार. तरी तोच ठरला, कारण धाकटीची बोलणी एकदा खाऊन पुन्हा आलेला तो एकटाच होता.

"ओटा दुकानात मिळत नाही, मॅडम," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "ओटा कोपरातून निघतो."

मग व्याख्यान झालं. त्याची रीत अशी: जी बाई त्या घरात रांधते तिला जुन्या ओट्याशी रोजच्यासारखं उभं करायचं, हात कोपरात वाकवायला लावायचा, शेजारी लाकडाची एक उभी पट्टी धरायची आणि कोपराशी पेन्सिलची रेघ मारायची. त्या रेघेच्या चार बोटं खाली ओटा. आकडा कुठं लिहायचा नाही, टेपला हात लावायचा नाही. आणि दर घराला पट्टी नवी. धाकटीनं हे सगळं जांभई देत ऐकलं. इतर सुतार टेप लावून मोकळे होतात आणि हा उंटावरचा शहाणा लाकूड घेऊन नाटक करतोय, असं तिचं मत झालं.

माप घ्यायला तो आला नेमका कामाच्या दिवशी. शेजारच्या काकूंनी कुलूप उघडून दिलं आणि त्या आपल्या घरी गेल्या. धाकटी ऑफिसात चार माणसांची खरडपट्टी काढत होती, तेवढ्यात त्याचा फोन आला. पट्टी धरायची आहे, तुम्ही घरी येता का, असं तो विचारत होता.

"मला दुसरी कामं नाहीत का?" धाकटी म्हणाली. समोरची माणसं ऐकत होती, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. "भांडी घासायला बाई आली असेल ना? तिचं घ्या माप. ओट्याशी उभी असेल ती बाई, म्हणजे झालं."

 पलीकडून नळ सुरू झाल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला.

"आहेत," सुतार म्हणाला. "ओट्याशीच उभ्या आहेत. घेऊ मग त्यांचं?"

"घ्या. आणि परत फोन करू नका."

भांडी घासणारी बाई अंगानं जवळजवळ धाकटीएवढीच होती. त्यामुळे आपण काही चुकीचं सांगितलं असं तिला वाटलं नाही, आणि वाटण्यासारखं काही नव्हतंही.

सुट्टीच्या दिवशी ओटा फुटला. पहिला घण धाकटीनं स्वतःच्या हातानं घातला. मजूर बघत राहिले. तिच्या अंगात एवढा जोर कुठून आला देव जाणे, पण एका घावात ओट्याची कड उडाली आणि तिनं पदर खोचून दुसरा घातला. "बघा म्हणावं, बदलला ओटा," ती मोठ्यानं म्हणाली. नवरा दाराशी उभा होता, तो आत निघून गेला.

मग धूळ सुरू झाली. स्वयंपाकघराच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा चिकटवला होता आणि दोघं बाहेरच्या खोलीत एका छोट्या शेगडीवर कसंबसं शिजवून खात होते. संध्याकाळी कामकरी गेले की घर एकदम मुकं व्हायचं. तेवढा तो पडदा हलायचा. आतली खिडकी बंद असायची, पंखा काढून ठेवलेला होता, तरी प्लास्टिक सावकाश आत ओढलं जायचं, थांबायचं आणि सावकाश बाहेर फुगायचं. सिमेंट, भुसा आणि गोंदाच्या उग्र वासातून मधूनच एक वेगळा वास यायचा, बामचा. प्राध्यापकाची कंबर धरली असेल, असं म्हणून धाकटीनं तो सोडून दिला.

एके संध्याकाळी दोघं जेवत असताना पडद्याआडून आवाज येऊ लागला. टक, टक, टक. फळीवर चाकू चालावा तसा, बारीक, एका लयीतला, घाई नसलेला. नवऱ्याचा घास हातात राहिला.

"उंदीर आहेत," धाकटी म्हणाली.

"उंदीर एवढं बारीक चिरत नाहीत," नवरा म्हणाला.

वर्षभरात त्यानं काढलेलं हे पहिलंच धड वाक्य, आणि तेही असलं. धाकटीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं गिळून बसला. ती उठली, पडदा बाजूला सारून आत गेली. आत अंधार पडत होता. अर्धवट भिंती, सिमेंटची पोती, उलटी ठेवलेली घमेली. जिथं ओटा होता तिथली जमीन मात्र कुणी नुकतीच पुसल्यासारखी स्वच्छ होती, आणि ओली होती. कामकऱ्यांनी पाणी सांडलं असणार. ती बाहेर आली, जेवली आणि हात धुतले. पण त्यानंतर अंधार पडल्यावर ती आत गेली नाही, आणि आपण जात नाही हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही.

काम संपलं त्या दिवशी ती ऑफिसातून लवकर आली. सुतारानं पडदा उतरवून ठेवला होता. खिडकीतून उतरतं ऊन काळ्या दगडावर पडलं होतं आणि दगड खरोखर सुंदर दिसत होता. धाकटी आत गेली, ओट्याशी उभी राहिली, हात पुढे केले... आणि तिला वाकावं लागलं.

ओटा तिच्या मांडीशी होता. फोडला त्याच उंचीचा, बोटभर इकडे ना तिकडे.

पुढे जे झालं ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. नवरा रजा काढून देखरेखीला घरी बसला होता. डोळे होते की गारगोट्या, असं तिनं त्याला विचारलं.  दिसलं होतं त्याला, पण बोलायची सवय नव्हती. मग तिनं सुताराला धरलं. सुतारानं शांतपणे कोपऱ्यातली पट्टी आणली आणि रेघ दाखवली. तुम्ही म्हणालात त्याच बाईंचं माप घेतलंय, म्हणाला. भांडीवालीला बोलावलं, तर ती म्हणाली की त्या दिवशी मी कामावर आलेच नव्हते, पोराला ताप होता. सुतारानं तिच्याकडे पाहून मान हलवली.

"या नव्हेत. त्या वयस्कर होत्या. ठेंगण्या, जरा वाकलेल्या. करडं स्वेटर होतं अंगात. कोपराला ठिगळ होतं. रेघ नेमकी ठिगळाशी आली, म्हणून लक्षात राहिलं."

भांडीवाली चप्पल घालून निघून गेली. नवरा भिंतीला टेकला होता. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की सुताराला दोनदा विचारावं लागलं.

"काही... बोलली का ती?"

"काही नाही. रोजच्यासारख्या उभ्या राहा म्हटलं, तर राहिल्या. माझ्याकडे बघून जरा हसल्या असाव्यात. ओठ असा एका बाजूला खाली गेला."

एखादी भ्याली असती. धाकटी भ्याली नाही. किंवा भीती यायच्या आत तिला राग आला, आणि रागाला तिच्या घरात नेहमीच पहिला मान होता. हे दोघं आतून एक आहेत, नवऱ्यानंच स्वेटरचं वर्णन पढवलं, स्वतःची चूक झाकायला मेलेल्या बाईला पुढे करतात, अशी तिनं दोघांची पार सालटी काढली. "जिवंत होती तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं," ती म्हणाली, "आणि आता म्हणे सुतार मापं घेतायत." तिनं दंड झटकला, हात कोपरात वाकवला आणि ओट्याशी ताठ उभी राहिली. "हे घ्या. हे माप. माझ्यासमोर."

सुतार नवी पट्टी आणायला खाली निघाला. धाकटीनं त्याला अडवलं. जुन्या पट्टीवरच रेघ मारा, म्हणाली.

"एका पट्टीवर दोघींची मापं घेत नाहीत, मॅडम."

"का?"

"घेत नाहीत. माझ्या बापानं घेतली नाहीत, मीही नाही घेतली. कारण विचाराल तर मला माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग मारा रेघ. लाकडाला कळतं होय कुणाचं कोपर कुठलं?"

तो जरा वेळ पट्टी हातात फिरवत राहिला. प्राध्यापक असला तरी कणा नव्हता त्याला; बाईच्या तोंडाला तोंड देण्यापेक्षा बापाची रीत मोडणं सोपं गेलं. त्यानं पट्टी तिच्याशेजारी उभी धरली आणि पहिल्या रेघेच्या बऱ्याच वर दुसरी रेघ मारली. त्या क्षणी धाकटीच्या कमरेतून थंड पाण्याचा थेंब ओघळावा तसं काहीतरी खाली गेलं. खिडकी उघडी असेल, असं तिला वाटलं. खिडकी बंद होती.

दगड उचलला, खाली विटांचा थर चढवला, दगड पुन्हा बसवला. आणि धाकटी आपल्या स्वयंपाकघरात ताठ उभी राहिली.

तेवढे दिवस तिचे होते, ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. मान वर, खांदे सैल, पाठ भिंतीसारखी सरळ. कांदा चिरताना तिला खिडकीतून रस्ता दिसायचा. इतकी वर्षं फक्त स्वतःचे हात दिसत होते. तिनं ऑफिसातल्या बायकांना घर बघायला बोलावलं. त्यांनी दगडावरून हात फिरवले, ड्रॉवर उघडून बंद केले, तोंड भरून कौतुक केलं आणि जिना उतरताना नावं ठेवली. धाकटीला ते ठाऊक होतं. तिनंही त्यांच्या स्वयंपाकघरांना नावंच ठेवली होती. तिला कौतुक नकोच होतं, त्यांनी मान वर करून आपल्याकडे बघावं एवढंच हवं होतं, आणि त्यांनी बघितलं.

मग तिचे कपडे पायात यायला लागले.

शिंप्यानं माप चुकवलं म्हणून तिनं शिंप्याला फैलावर घेतलं. ऑफिसातली खुर्ची खाली बसल्यासारखी वाटली, म्हणून शिपायाला झापलं. न्हाणीघरातल्या आरशात पूर्वी गळ्यापर्यंत दिसायचं, आता कपाळ तेवढं दिसू लागलं. नवऱ्यानं आरसा वर टांगला, असं तिनं ठरवून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी तिच्यापुरती सगळी दुनियाच वाकडी झाली होती. वरच्या कपाटात, जिथं तिचा हात सहज पोचायचा, तिथला डबा काढायला स्टूल लागू लागलं. आणि एक दिवस भाजी चिरताना तिच्या लक्षात आलं की खांदे कानाशी आलेत, मनगटं अवघडलीत आणि ओटा छातीला लागतोय.

ओटा उंच झाला होता.

तिनं टेप लावला. ओटा चढवला त्याच दिवशी तिनं गुपचूप मोजून ठेवला होता, आकडा तोच निघाला. टेप खोटा असेल म्हणून शेजारच्या काकूंचा आणला. तोही तेच म्हणाला. काकू दारातच उभ्या होत्या आणि तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होत्या. बघत होत्या त्या वरून खाली. तब्येतीला जप गं बाई, एवढं म्हणून त्या गेल्या.

त्या दुपारी तिच्या कमरेतून अशी कळ निघाली की ती ओट्याला धरून उभी राहिली. नवरा आला. त्याच्या हातात बामची डबी होती. ती त्याला कुठं सापडली हे तिनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तो खाली बघत म्हणाला, "ताईपण उंच होती."

"काय?"

"तुझ्यासारखीच. तुझ्याहून बोटभर जास्तच असेल. हा ओटा, म्हणजे तो जुना, आईच्या मापाचा होता. आई ठेंगणी. ती गेली तेव्हा ताई शाळेत होती. मग ताईच उभी राहायला लागली ओट्याशी... मी लहान होतो. मला वाटायचं मी उंच होतोय, म्हणून ती खाली दिसते."

इतकी वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं होतं. दोघींपैकी एकीला जरी वेळेवर सांगितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण वेळेवर बोलेल तो हा माणूस नव्हता. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. पाहायला तिला मान वर करावी लागली, आणि मान पुरती वर गेली नाही.  तिला भीती वाटत होती. साधी, उघडी भीती, जिच्यावर पांघरायला राग उरला नव्हता.

काही दिवस तिनं टाचा उंच करून रेटलं. स्टुलावर उभी राहून फोडणी घातली, एकदा तोल जाऊन हात भाजून घेतला. पाठ तर रात्रंदिवस ठणकत होती. मागून बामचा वास यायचा. तो आपल्याच कमरेचा की आणखी कुणाचा, हे आता ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनंच फोन उचलला आणि सुताराला बोलावलं.

तो भर दुपारी आला. धाकटीला बघून दारातच थबकला. व्याख्यान दिलं नाही. जुनी पट्टी माळ्यावर ठेवली होती, ती त्यानं काढली. धाकटी ओट्याशी उभी राहिली, तिनं हात कोपरात वाकवला. त्यानं पट्टी शेजारी धरली आणि पेन्सिल टेकवायला खाली वाकला. पेन्सिल टेकवलीच नाही. कोपर पहिल्या रेघेवर होतं.

"काय करू, मॅडम?" त्यानं विचारलं.

एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. ओटा असाच ठेवला असता तर निदान तो तरी तिच्या पूर्वीच्या उंचीचा राहिला असता, आज ना उद्या पुन्हा ताठ होईन असं म्हणायला जागा राहिली असती. पण कळा सोसवत नव्हत्या. ज्या तोंडानं "बदलला ओटा" म्हणाली होती त्याच तोंडानं ती पुटपुटली, "खाली घ्या."

विटांचा थर निघाला. दगड खाली बसला. काम करताना सुतार दोन-तीनदा तिच्या डोक्यावरून मागे बघून अंग चोरत बाजूला सरकला, कुणाला वाट द्यावी तसा. शेवटी हत्यारं गोळा करताना तो अगदी हळू म्हणाला, "हा तुमच्यापुरता ठीक आहे... पण त्यांना वाकावं लागेल."

"कुणाला?"

 त्यानं पिशवी उचलली आणि निघाला. करवत ओट्याखालीच राहिली, ती न्यायलाही तो परत आला नाही.

संध्याकाळ झाली. धाकटी ओट्याशी उभी राहिली. पाठ दुखत नव्हती. हात कसे आपोआप बसले, खांदे सैल सुटले. इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, फक्त स्वतःचे हात दिसत होते. तिनं भाजी घेतली आणि चिरू लागली. टक, टक, टक. बारीक, एका लयीत. मीठ हवं होतं. मिठाचा डबा वरच्या कपाटात होता आणि स्टूल बाहेरच्या खोलीत.

डोक्यावरून करड्या बाहीतला एक हात गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मिठाचा डबा तिच्या हाताशी अलगद ठेवला गेला आणि तो ठेवणारं जे कोण होतं ते तिच्या मागे, अगदी लागून, ताठ उभं राहिलं. वरून तिच्या भांगावर कुणाचा तरी सावकाश श्वास पडत होता.

तिनं वर पाहिलं नाही. मान तेवढी जात नव्हती.

"अगं, झालं का?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं. त्यानं दिवा लावला होता आणि तो वर्तमानपत्र वाचत होता.

धाकटीनं तोंड उघडलं. त्याच्या आतच उत्तर गेलं... तिच्या डोक्याच्या वरून, धाकटीच्याच आवाजात, पूर्वीच्या त्या खणखणीत, कुणाची पर्वा नसलेल्या आवाजात.

"झालंच."

"बरं," नवरा म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.